उंबरापाड्याची लाईन

नाही, नाही, भाऊ — हात नका लावू त्याला. तो दिवा दिसतो ना, खालच्या ओळीतला हिरवा — तो पेटलेला आहे तोवर त्या बंद करायच्या बटणाला हात नाही. बाकी काय पाहिजे ते करा, धूळ पुसा, तारा हलवून बघा, मी काही म्हणणार नाही. पण ते बटण नाही. … काय म्हणता? अडकलेला कॉल? त्याच्यावरून कधीपासून कोणाचा आवाजच नाही? अहो, नसणारच आवाज — बोलणारा अजून यायचाय! अडकलेला नाही तो, थांबलेला आहे. नाशिकला तुमच्या साहेबांना पडद्यावर अडकलेला दिसत असेल, त्याला मी काय करू? पडद्यावर अडकलेला आणि थांबलेला एकसारखाच दिसतो. बसा तुम्ही. त्या खुर्चीचा पाय लटपटतो, भिंतीला लावून बसा. मी उठून दिली असती दुसरी, पण मला हा रिसीव्हर कानापासून काढता येत नाही.

कामाचा फोन आहे. संस्थेच्या कामाचा. … वर उंबरापाड्याला लावलाय, तोरणमाळच्या अंगाला. तुम्ही गेला नसाल तिकडे. मोबाइल तिथे नुसता उजेड पाडायच्या कामाचा — रेंज म्हणून नाही. म्हणून तर संस्थेनं कालीबाईच्या घरात पेटी बसवली, पेटीला साधा फोन, छपरावर ताटली. आता पाडा म्हटला की तुम्हाला वाटेल दहा-पंधरा घरं एकाला एक लागून. तसं नसतं हो. एक घर ह्या टेकडीवर, त्याचं शेत त्याच्याभोवती. दुसरं घर पलीकडच्या टेकडीवर, मधे नाला. तिसरं तर डोळ्यांवर हात धरून बघावं लागतं. मग फोन आला की कालीबाई काय करते — उचलते, कोणाला बोलवायचं ते नाव ऐकते, आणि रिसीव्हर खाटेवर ठेवते. बंद नाही करत हं. ठेवते. आणि अंगणात जाऊन हाळी घालते. समोरच्या टेकडीवरचा ऐकतो, तो त्याच्या पुढच्याला हाळी घालतो, अशी ती हाळी जिथे तो माणूस असेल तिथवर जाते. मग तो हातातलं काम टाकतो, नाला उतरतो, चढ चढतो, येतो. तोवर फोन उघडाच. तिकडच्यांची हीच रीत आहे, आणि इकडे आम्ही कान लावून बसतो — हीच आमची. घाई करून कोणाचं काही होत नाही तिथे.

विश्वास नाही बसत? घ्या, ऐका. वाका जरा, दोरी आखूड आहे. … ऐकलं? कोंबडी आहे ती. खाटेखाली दाणे टिपतेय. मघाशी एक लेकरू पण खोकलं, पण ते लांब होतं. आता सांगा, मेलेल्या लाईनवर कोंबडी बोलते का? तुमच्या यंत्राला कोंबडीची भाषा कळत नाही एवढंच. हसलात ना? हसा. बरं वाटलं मला.

हे मशीन आधी असे फोन कापायचं, माहितीये? अमुक इतका वेळ कोणी बोललं नाही की आपोआप कट. माणूस बिचारा टेकडी उतरून धापा टाकत यायचा, रिसीव्हर उचलायचा, तर आत नुसतं टूंऽऽ. तो म्हणायचा, खालच्यांनी थट्टा केली. एक-दोनदा तर वरून लोक भांडायला आले इथे. मग कुंदननं ते कापणं बंद करून टाकलं. म्हणाला, डोंगरातली शांतता कापायची नाही. कुंदन म्हणजे — इथे होता तो कामाला, तुमच्यासारखाच. पेटी पाठीला बांधून पाड्यापाड्यांना चढायचा. मला जे काय कळतं ते त्यानंच सांगितलेलं. फार नाही कळत, अर्धंमुर्धंच, तुम्ही शिकलेले आहात, चुकलं तर सांगा. पण तो समजवायचा फार छान. जेवायला बसला तरी घास हातात तसाच धरून सांगत बसायचा, आणि मी म्हणायची, अरे आधी गीळ तो —

… हो. जेवायला. … हो, माझाच मुलगा आहे. मग? मुलगा असला म्हणून काय झालं, कामाचा फोन तो कामाचाच.

तो काय सांगायचा — पेटी बंद पडून पुन्हा उठली की पहिलं काम काय करते? नाशिकच्या मोठ्या यंत्राला कळवते, मी उठले. मोठं यंत्र म्हणतं, उठलीस ना, बरं झालं, मग तुझ्या नावावरचं आधीचं सगळं पुसलं. जे बोलत होते त्यांचं संपलं. कोणाचं अर्धं राहिलं, कोणाचं नुकतं सुरू झालं — विचारपूस नाही. पुसलं म्हणजे पुसलं. आणि लाईट जाऊन आली की तर सगळ्याच पेट्या एकदम उठतात. सगळ्या एकदम ओरडायला लागल्या, मी उठले, मी उठले, तर ते मोठं यंत्र कोणाचं ऐकेल? लग्नात पंगत उठल्यावर सगळे एकाच वेळी चपला शोधायला लागले की कसं होतं, तसं. म्हणून कुंदननं प्रत्येक पेटीला सांगून ठेवलं होतं — उठलीस तरी लगेच बोलू नको, थोडी थांब. किती थांबायचं ते जिचं तिनं ठरवायचं, कोणी कमी, कोणी जास्त. एका पाड्याचे धुडकूभाऊ इथे येऊन भांडले होते, म्हणे आमच्या पाड्याची पेटी सगळ्यांत आधी बोलली पाहिजे, आमचा मान आहे. कुंदन म्हणाला, हो भाऊ, करतो. आणि काहीच केलं नाही. धुडकूभाऊ खूश होऊन गेले.

आता तुमच्या कंपनीच्या कोणीतरी परवा ते थांबणं काढून टाकलं ना? नाही, तुम्ही नसाल हो, मी तुमचं नाव घेत नाही. पण काढलं. आणि आज सकाळी लाईट आली ती सगळ्या तालुक्याची एकदम. सगळ्या पेट्या एकदम बोंबलल्या, मोठं यंत्र गुदमरलं, आणि आपलं हे अर्धं मेलं. कुठलाच फोन लागेना. मी सकाळपासून लावतेय उंबरापाड्याला, बोटं दुखली, लागतच नव्हता. एकदाच लागला. एकदाच. कालीबाईनं उचलला, मी म्हटलं, कुंदन. तिनं विचारलं पण नाही कोण बोलतंय. माझा आवाज ओळखते ती. खाटेवर ठेवला आणि गेली. म्हणून म्हणते, भाऊ, हा दिवा विझला की पुन्हा नाही पेटायचा. तुम्ही यंत्र नवं करून द्याल, दहा मिनिटांत द्याल, मला माहीत आहे. पण वर रिसीव्हर खाटेवर उताणा पडलाय ना. उताण्या फोनवर घंटी वाजत नाही. मी इथून दिवसभर लावला तरी वाजणार नाही. आणि तो येईल, उचलेल, आत टूंऽऽ. तो काय समजेल? …

काय बघताय तिकडे? त्या लॅपटॉपवर काय सरकतंय? … तुम्ही आल्या आल्या दिलं ना काहीतरी? दिलंत. मला वाटलंच. सांगून बंद करण्याची रीत ती — नवीन फोन घ्यायचे नाहीत, चालू आहेत त्यांना आवरून घ्यायला वेळ द्यायचा, आणि वेळ संपली की — संपली की कापायचं. चांगली रीत आहे, मी नाही म्हणत नाही. एकदम वीज पडल्यासारखं करण्यापेक्षा केव्हाही चांगली. पण भाऊ, वेळ दिला तो बोलणाऱ्यांना दिला ना? इथे बोलणंच सुरू नाही झालं! त्याला अजून नाला उतरायचाय. … मागे घेता येतं ते. कुंदन म्हणायचा, दिलेली सूचना मागे पण घेता येते, पेटीला सांगायचं, जाऊ दे, नाही बंद करत. येतं की नाही? खरं सांगा. … येतं. मग घ्या ना मागे. घ्या, मी हात जोडते — एकच हात जोडते, दुसऱ्यात फोन आहे.

… खापरकडचे पाडे. हो. माहीत आहे मला. त्यांच्या सगळ्या लाईनी बंद आहेत सकाळपासून, हे यंत्र बंद करून पुन्हा लावल्याशिवाय उठायच्या नाहीत. माहीत आहे हो! कोणाला साप चावला असेल, कोणी बाई अडली असेल, आणि फोन उचलला की आत काहीच नाही. तुम्हाला वाटतं मला ते कळत नाही? मी ह्या खुर्चीवर बसून किती गाड्या पाठवल्यात वर, तुम्ही विचारा कोणालाही. तिकडे मी असते आणि इथे कोणी बाई आपल्या पोराच्या फोनसाठी सगळ्यांची वाट अडवून बसली असती, तर मी तिच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या असत्या. घालू देत मला कोणी शिव्या. आज मला चांगली बाई व्हायचं नाही, भाऊ. आज जमणार नाही.

थांबा, हा मोबाइल. दिराचा आहे. … हां, भाऊजी. … हां, म्हसावदलेच शे मी. … नहीं, रडी नहीं ऱ्हायनी. … नका उचला. आयका मन्हं, नका उचला अजून. दिन बुडाले येळ शे. … ललित? ललित काय म्हणीसन आग दी? ललित पुतण्या शे. मन्हा पोऱ्या जित्ता शे, भाऊजी! … बोलूत मंग लोकं, काय बोलनं ते. मी येस. तो यी ऱ्हायना, मी बी येस. वाट देखा.

…

उभे नका राहू. बसा. तुम्ही उभे राहिलात की मला वाटतं तुम्ही त्या बटणाकडेच निघालात. … हो. आग म्हटलं मी. तुम्ही बरोबर ऐकलंत.

आमचे हे गेले. पहाटे. कळसाडीला घरी आहेत, ओसरीवर ठेवलंय. सगळे जमलेत, शहाद्याहून, धुळ्याहून, सुरतेहून नणंद पण पोचली. दिवस बुडायच्या आत उचलायचं म्हणतात, थंडीचे दिवस, दिवस आता केवढासा राहिलाय — बघा ना, ऊन त्या कपाटावर होतं मघाशी, आता दारात गेलं. पायाकडे काय बघता? चप्पल राहिली. पुढच्या दारात बायका बसल्यात, मी मागच्या दारानं निघाले. शेजारचा दोधू त्याच्या गाडीवर घेऊन आला, तो काय फाटकाशी उभा आहे, आत यायला पण घाबरतोय. मढं घरात टाकून बाई बाहेर पडली — हे कोणी कधी ऐकलं नसेल आमच्या गावात. मला सुद्धा पटत नाही मी असं केलंय. पण मग कोण करणार होतं? सांगा ना.

दुसऱ्या कोणाला पाठवायचं? पाठवलं असतं. जीपनं माणूस गेला असता वर, दुपारपर्यंत पोचलाही असता. पण कुंदननं विश्वास नसता ठेवला. त्याचं काय झालं, भाऊ — त्यानं ममताशी लग्न केलं. ममता वरची, उंबरापाड्याची, अंगणवाडीत शिकवते. कालीबाईची पुतणीच. पेटी बसवायला गेला तिथेच ओळख झाली, आता राहतोही तिथेच. पोरगी सोन्यासारखी आहे. मी एकदाच जेवले तिच्या हातचं, भादीची, म्हणजे त्यांच्याकडच्या बारीक धान्याची, भाकर आणि आंबाडी — अजून जिभेवर आहे. पण आमच्या ह्यांनी ते काही मानलं नाही. पाटलाच्या घरात वरची सून! बोलणं बंद, नाव काढणं बंद. मग मागच्या साली माझ्या दिरानं, हिंमतरावांनी, वर निरोप पाठवला — बाप आजारी आहे, शेवटचं बघून जा. पोरगा धावत आला. इकडे ह्यांना साधा ताप नव्हता. आला तसा त्याला मागच्या खोलीत घातला, बाहेरून कडी, आणि चार जण समजवायला बसवले, की सोड तिला. ममता फाटकाबाहेर दिवसभर बसून होती. एकाही बाईनं तिला पाणी नाही दिलं. मी दिलं, मग मलाही बोलणी बसली. शेवटी सोडला त्याला, जाताना मला म्हणाला — आते कोणाबी निरोप उना, तरी मी येवाव नहीं. तू सोता बोलशी तवयच. म्हणजे मी स्वतः माझ्या तोंडानं सांगेन तेव्हाच. कळलं आता? बाप मेला म्हणून दुसरं कोणी सांगायला गेलं तर तो म्हणेल, मागे आजारी होता, आता मेला. पुढच्या वेळी तेरावा असेल. माझा आवाजच पाहिजे. आणि माझा आवाज वर जायला ही एकच तार आहे. तुमच्या हातात.

… घेतलीत मागे? सूचना? खरंच घेतलीत? दाखवा. मला ते इंग्रजी वाचता येत नाही, पण सरकणं थांबलंय, ते दिसतंय. देव तुमचं भलं करो. तुमची आई आहे ना? … असू दे. बरं झालं. तिला फोन करत जा.

तुमचा वाजतोय. नाशिक? घ्या, घ्या. मी गप्प बसते.

… काय सांगितलंत त्यांना? कार्ड गरम झालंय, थंड होऊ देतो? हे असं काही असतं का? … नसतं. माझ्यासाठी खोटं बोललात तुम्ही. आणि ते मानले पण. बघा, खोटं कसं पटकन पोचतं, त्याला नाला नाही उतरावा लागत. नाही, तुम्हाला नाही बोलत हो. मी तुमचे पाय धरले असते.

घसा सुकला. नको, पाणी नको. आज घरात चूल नाही पेटलेली, मी घोट पण नाही घेतला. पाणी प्यायले तर रडायला येईल असं वाटतं, मग आवाज बसेल, मग तो ओळखणार नाही. सकाळपासून मी रडले नाही, माहितीये? बायका म्हणाल्या, दगड झाली. दगड नाही झाले. आवाज जपून ठेवलाय.

तुम्हाला वाटत असेल, बाई नवऱ्यावर फार जीव असलेली दिसते, त्याची शेवटची इच्छा पुरी करायला धडपडते. मघापासून तुमच्या तोंडावर तेच दिसतंय. मुलाच्या हातून आग मिळावी, बापाचा जीव अडकला असेल — असं ना? … नाही हो. तसं असतं तर किती सोपं होतं! काल रात्री मी ह्यांच्या उशाशी बसले, म्हटलं, बोलवू का आता कुंदनला? डोळे मिटलेले होते, मला वाटलं ऐकू आलं नाही. आलं होतं. माझं मनगट धरलं, एवढ्या दुखण्यातही केवढी ताकद त्या हातात, आणि म्हणाले — त्याले बलावू नको. मन्हा मढाले त्याना हात लागाले नको. एवढंच. मग सकाळपर्यंत एक अक्षर नाही. तेच शेवटचं. बत्तीस वर्षं ज्यांचं सगळं ऐकलं, मीठ कमी म्हटले तर मीठ, माहेरी जाऊ नको म्हटले तर नाही गेले — त्यांचं शेवटचं बोलणं मोडायला मी अनवाणी आले इथे. कोणाला सांगितलं नाही हे मी. भाऊजींना नाही, नणंदेला नाही. तुम्हालाच का सांगितलं काय माहीत. तुम्ही उद्या नाशिकला जाल म्हणून असेल.

पण मी काय चुकीचं करते का? मेलेल्या माणसाला राग धरून काय मिळतं? तो गेला, सुटला. पोरगा मागे राहणार आहे. आज आग दिली नाही त्यानं तर पुढची चाळीस-पन्नास वर्षं तो ते डोक्यावर घेऊन फिरेल, की बापानं मरताना पण दार लावलं. मी ओळखते माझ्या पोराला. वरून हसेल, आतून कुजेल. ह्यांचा राग ह्यांच्याबरोबर जळू दे ना! त्याच्या वाटणीला कशाला ठेवायचा? आणि ममताचं काय? ती पण यायला पाहिजे. फाटकातून आत. सगळ्यांसमोर. बघू कोण अडवतं —

श्शू.

श्शू, भाऊ, हलू नका. खुर्ची वाजते ती. … कोंबडी फडफडली. कोणीतरी आलं. … कालीबाई? हां, मीच बोलते, मीच आहे. … येतोय? नाला चढला? … काय म्हणते ती कळलं का तुम्हाला, नाही कळणार, त्यांची बोली आहे — म्हणते अंगणात आलाय, पाय धुतोय. अरे पाय काय धुतोस, ये ना! … दिवा आहे ना? माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही, तुम्ही बघा. हिरवाच आहे ना?

कुंदन?

कुंदन, मी बोली ऱ्हायनी. माय. … हां. मीच. वळखस ना आवाज? … आपला म्हसावदना ऑफिसमाईन. कोणी नहीं मन्हाजोडे. कोणी बोलाले नहीं लावनं मन्हाकडथून, देवनी शप्पथ. … आयक. बस खाटवर. बसना का? … तुन्हा बाप गया रे. पहाटले. … हां, खरंच. आते खरंच. … रडू नको. रडजो, पन घर ईसन. … नहीं, अजून नहीं उचलं. तुन्ही वाट देखतंस सगळा. … हां, काका बी.

… काय?

… काय विचारस तू?

…

हां.

हां रे, बलावं. त्यासनीच बलावं तुले. रातभर तुन्हंच नाव ली ऱ्हायनथात. माले म्हनेत, कुंदनले बलाव, त्यानाच हातनी आग पाहिजे माले. … मन्ही आण. मन्ही आण शे, कुंदन, मी कधी खोटं बोलनू का तुन्हासंगे? … ममतानं बी म्हनेत. सुनले ली ये म्हनेत. … हां. नीघ. गाडीवर नीघ, दम धरीसन चालाव घाटमा. मी फाटकवर उभी ऱ्हासू.

… ठेवला. निघाला तो.

असं नका बघू माझ्याकडे. … ऐकलंत ना सगळं, कळलं ना? बोली वेगळी असली तरी एवढं कळतंच. मग झालं. आता जगात हे दोघांनाच माहीत, आणि तुमची तर उद्या नाशिकची गाडी आहे. करा, तुमचं काम करा. दिवा विझलाय. खापरकडचे थांबलेत बिचारे. … नाही, पाणी नको म्हटलं ना! बाजूला व्हा. मला जाऊ द्या.